इतिहासाच्या बाई आणि सरकारी वकील

दिनशा दावर या माणसाबद्दल आमच्या घरात एकमत होणं शक्य नाही. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिलेले बॅरिस्टर म्हणजे दावर. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो जामीन दिला. १९०८ साली टिळकांवर पुन्हा त्याच कलमाखाली खटला झाला. या वेळी जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जीनांनी केला आणि तो फेटाळणारे न्यायमूर्ती होते दावर. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड ही शिक्षाही त्यांनीच सुनावली.

"वकील अशिलाचा असतो आणि न्यायाधीश कायद्याचा," काका म्हणाले. "यात दगाबाजी शोधू नका, वहिनी."

"दगाबाजी मी म्हटलंच नाही, भाऊजी. कलम तेच, आरोपी तोच आणि दावरही तेच. फक्त ते कुठे बसले होते ते बदललं. ज्या कलमाचा अर्थ बसायच्या जागेवरून ठरतो, त्यावर माणसाला सहा वर्षं मंडालेला पाठवायचं का, एवढंच मी विचारतेय."

आई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, काका सत्र न्यायालयात सरकारी वकील म्हणून. वाद सुरू झाला होता महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावरून. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ते संमत केलं. काकांनी त्याची छापील प्रत आणली होती, समासात पेन्सिलीच्या खुणांसकट. त्यांना कलमवार बोलायचं होतं. पण आईशी कुठलाही वाद घालायचा म्हणजे आधी शंभर वर्षं मागे जाऊन यावं लागतं.

"टिळकांचं नाव काढलं की तुमच्या बाजूचं काम सोपं होतं," काका म्हणाले. "समोर परकं सरकार, इकडे लोकमान्य. कोण विरोधात बोलणार? पण तारखा बघा ना. १५ जून १८९७ च्या केसरीत शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता आणि अफझलखानाच्या वधावरच्या व्याख्यानांचं वृत्त येतं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या जातात. मध्ये जेमतेम आठवडा गेला होता. तुम्ही त्या वेळचे गव्हर्नर असता, तर काय केलं असतंत?"

"गोळ्या झाडणाऱ्यांना शोधलं असतं. तसे ते सापडलेही. दामोदर चापेकर फासावर गेले. टिळकांवरचा आरोप खुनाला मदत केल्याचा नव्हता, लेखाचा होता. आणि आता विषय निघालाच आहे तर सांगते, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय' या अग्रलेखामुळे टिळक तुरुंगात गेले असं निम्म्या महाराष्ट्राला वाटतं. तो अग्रलेख जुलैतला. खटला झाला तो १५ जूनच्या अंकावर. मुलांच्या उत्तरपत्रिकांत ही चूक मी दरवर्षी लाल शाईने खोडायची."

"बरं, अंकावर झाला. ज्यूरी होती, बचाव होता, सगळं रीतसर होतं."

"नऊ जणांची ज्यूरी. सहा युरोपीय म्हणाले दोषी, तीन भारतीय म्हणाले निर्दोष. १९०८ ला सात युरोपीय विरुद्ध दोन पारशी. दोन्ही खटल्यांत फूट कातडीच्या रंगाप्रमाणे पडली, आणि दोन्ही वेळा ती रीतसर होती! १८९७ ला न्यायमूर्ती स्ट्रेचींनी तर ज्यूरीला सांगून ठेवलं की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. पुढच्याच वर्षी सरकारने कलम दुरुस्त करून आणखी रुंद केलं. प्रेम न करण्याबद्दल अठरा महिने सक्तमजुरी, भाऊजी."

काका हसले. त्यांचं हसणं कोर्टातलं आहे. त्यात माघार नसते, पुढच्या प्रश्नाची तयारी असते.

"तुमची सुरुवात टिळकांपासून होते, माझी पत्रकापासून होते," ते म्हणाले. "माझ्याकडे दंगलीचा एक खटला होता. गावाचं नाव कशाला सांगू, तशी गावं पुष्कळ आहेत. आदल्या रात्री बाजारपेठेत एक पत्रक वाटलं गेलं. अर्धं पान, खाली नाव नाही. पण कुणी लिहिलं हे शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानं जळत होती. माझ्यासमोर पिंजऱ्यात कोण? विशी-बाविशीची पोरं. कुणी गॅरेजमध्ये कामाला, कुणी हमाल. त्यांनी दगड मारले होते, मी त्यांना शिक्षा करवली. पत्रक लिहिणारा पुढच्या नगरपालिकेला निवडून आला. शब्दांनी कुणाचं काही बिघडत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला मी त्या बाजारपेठेत नेऊन उभं करीन."

आई लगेच बोलली नाही. मलाही वाटलं, या प्रसंगाला वळसा घालून पुढे जाता येणार नाही. भाषणस्वातंत्र्याची बाजू घेणारे आपण बहुतेक वेळा सोयीची उदाहरणं निवडतो: कवी, व्यंगचित्रकार, तुरुंगातला संपादक. पत्रक लिहिणारा तो माणूससुद्धा त्याच स्वातंत्र्याच्या आडोशाला उभा असतो.

मग तिने विचारलं, "त्याच्यावर खटला का नाही भरला? गटागटांत वैर पेरण्याबद्दलचं १५३ अ होतं की."

"होतं. प्रस्ताव गेला होता. वरून मंजुरी आली नाही."

"वरून म्हणजे?"

"सरकारकडून. १५३ अ असो की राजद्रोहाचं १२४ अ, सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नव्हतं."

"म्हणजे ज्याच्यावर टीका झाली, त्यानेच ठरवायचं की टीका करणाऱ्यावर खटला चालवायचा. आणि ज्याच्या माणसाने आग लावली, त्यानेच ठरवायचं की आग लावणाऱ्याला सोडायचं. भाऊजी, तुमचा पत्रकवाला कायदा अपुरा होता म्हणून सुटलेला नाही. कायद्याची चावी ज्याच्या खिशात होती, तो त्याचा मित्र होता."

काकांनी मान डोलावली. हे त्यांना नवीन नव्हतं. १९९२–९३ च्या मुंबई दंगलीत, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे, सुमारे नऊशे माणसं मेली. त्या दिवसांतल्या 'सामना'तल्या लेखनावर कारवाई करायला सरकारला भाग पाडावं म्हणून राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा उच्च न्यायालयात गेले. १९९४ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. जुलै २००० मध्ये याच लेखनावरून बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली तेव्हा अख्खं शहर श्वास रोखून होतं, आणि त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण मुदतबाह्य ठरवून संपवलं. हे सगळं काकांनीच सांगितलं, एकेक टप्पा बोटावर मोजत. त्यांना यात कायद्याची नाही, कायदा चालवणाऱ्यांची लाज वाटते.

"आणि त्याच बाळासाहेबांच्या निधनानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये," आई म्हणाली, "पालघरच्या एका मुलीने बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. दुसरीने त्यांना नुसतं लाइक केलं. दोघींना पोलिसांनी अटक केली. नऊशे मेले तिथे मुदत संपली, आणि इथे दोन ओळींना एक दिवस पुरला."

"ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. त्या प्रकरणातले पोलीस अधिकारीही निलंबित झाले. व्यवस्था सुधारते, वहिनी. तुम्ही चुकांची यादी वाचता, दुरुस्तीची वाचत नाही."

इथून काकांनी सूत्रं हातात घेतली. १९४८ साली संविधान सभेत कन्हैयालाल मुनशींच्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनांतून 'राजद्रोह' हा शब्द निघून गेला. दंडसंहितेतलं कलम मात्र तसंच राहिलं. मग १९६२ मध्ये केदारनाथ सिंहांचा निकाल. बिहारमधल्या बरौनीच्या एका सभेत या माणसाने गुप्तचर खात्याला कुत्रे म्हटलं होतं, काँग्रेसवाल्यांना गुंड म्हटलं होतं. पाच न्यायमूर्तींनी कलम टिकवलं, पण त्याला कुंपण घातलं. हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अशांततेकडे कल असेल तरच गुन्हा. कडक टीका, शिव्यासुद्धा, गुन्हा नाही. "स्ट्रेचींचा अर्थ त्या दिवशी मेला," काका म्हणाले.

"दिल्लीत मेला असेल. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात?"

आईने आकडे आणले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, २०१५ ते २०२० या सहा वर्षांचे. राजद्रोहाचे ३५६ गुन्हे, ५४८ माणसांना अटक, आणि शिक्षा फक्त १२ जणांना.

"म्हणजे न्यायालयं जागी आहेत," काका.

"म्हणजे शिक्षा निकालाच्या आधीच होऊन जाते. भाऊजी, एक खरं सांगा. तुम्ही इतकी वर्षं रिमांडला उभे राहिलात. रिमांडच्या वेळी कधी कुणी केदारनाथचा निकाल काढला?"

या प्रश्नावर काका बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितलं ते असं. रिमांडच्या कोर्टात वेळ नसतो. बोर्डावर चाळीस प्रकरणं असतात. दंडाधिकारी एफआयआर चाळतात, कलम बघतात. कलम मोठं असलं की कोठडी मोठी. तपास अधिकारी म्हणतो फोन जप्त करायचाय, साथीदार शोधायचेत. सरकारी वकील तेच वाक्य जरा बऱ्या भाषेत पुन्हा सांगतो. आरोपीचा वकील केदारनाथ म्हणू लागला तर त्याला सांगतात, हे युक्तिवादाच्या वेळी बोला. युक्तिवादाची वेळ दोन-तीन वर्षांनी येते. "मीही सांगितलंय तसं," काका म्हणाले. "राजद्रोहाच्या प्रकरणात नाही, पण सांगितलंय."

मला या संभाषणातली ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. तत्त्वाच्या पातळीवर दोघांत फारसं अंतर नव्हतंच. हिंसेची चिथावणी गुन्हा असावी हे आईला मान्य, टीका गुन्हा नसावी हे काकांना मान्य. अंतर होतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रापासून ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंतचं. काका ते अंतर रोज चालून गेलेले आहेत. तरीही त्यांचा विश्वास निकालपत्रावर आहे. आई कोर्टाची पायरी कधी चढली नाही, पण तिची नजर टेबलावर असते.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ स्थगित ठेवलं. जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. तरी भारतीय न्याय संहितेच्या १५२ व्या कलमात देशाच्या सार्वभौमत्वाला, एकतेला धोका आणणारं बोलणं आलंच, आणि त्याला जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे. यावर दोघांचं जे झालं ते लिहीत नाही. दोघांनीही वर्तमानपत्रात छापून आलेलीच वाक्यं म्हटली.

चहा झाल्यावर काकांनी १९१६ काढलं. त्यांचं हे हुकमी पान. टिळक मंडालेहून सुटून आलेले, होमरूलची चळवळ सुरू. बेळगाव आणि अहमदनगर इथल्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. नोटीस हाती पडली ती साठाव्या वाढदिवशी, पुण्यात लोक त्यांना एक लाखाची थैली देत होते तेव्हा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. टिळकांच्या बाजूने जीना. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी भाषणं समग्र वाचली आणि आदेश रद्द केला.

"तेच कलम, तेच साम्राज्य, वर युद्ध चालू," काका म्हणाले. "आणि न्याय मिळाला. दोष कलमात असता तर मिळाला असता का? चांगला न्यायाधीश हवा, बस."

"म्हणजे माझं स्वातंत्र्य माझ्या नशिबी कुठला न्यायाधीश येतो त्यावर. बॅचलर आले तर मी घरी, दावर आले तर मंडालेला. तुम्ही हे कलमाच्या बाजूने बोलताय की विरोधात?"

"पण मग सगळाच कायदा माणसांवर अवलंबून असतो, वहिनी! खुनाचं कलमसुद्धा."

"खुनात प्रेत असतं, भाऊजी. इथे प्रेत नसतं. नुसता कुणाच्या तरी मनावर काय परिणाम होईल याचा कुणीतरी केलेला अंदाज असतो."

काकांनी हा मुद्दा मनात नोंदवून ठेवला असावा, कारण उत्तर दिलं नाही. उलट मला म्हणाले, कधी हायकोर्टात गेलास तर ती संगमरवरी पाटी बघ. १९०८ चा खटला चालला त्या दालनाबाहेर टिळकांचे शिक्षेच्या वेळचे उद्गार कोरलेत. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्यानेच १९५६ साली ते भिंतीवर लावले. अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते. "कुठल्या देशात असं होतं?"

"आणि त्याच छागलांचं १९७५ मध्ये काय झालं तेही त्याला सांगा," आई म्हणाली.

आणीबाणीवर आई आली की तिला थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. ऑक्टोबर १९७५ मध्ये मुंबईतल्या वकिलांनी नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर जिना हॉलमध्ये एक खासगी परिषद ठरवली. निमंत्रितांसाठी, बंद दाराआड. बोलणार होते छागला आणि माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. एक माजी मुख्य न्यायमूर्ती आणि एक माजी सरन्यायाधीश वकिलांशी कायद्यावर बोलणार, यात मुंबईच्या शांततेला धोका! हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. त्याच सुमारास मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट'मधला मजकूर सेन्सॉरने अडवला. मसानी भांडले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मादोन आणि कानिया यांनी सेन्सॉरला त्याची जागा दाखवली. सरकारला न आवडणारं मत छापणं म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ.

"बघा!" काका म्हणाले. "आणीबाणीतसुद्धा न्यायालय."

"मुंबईचं न्यायालय. आणि एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीचं?"

इथे काकांचा आवाज खाली आला. त्या काळात ते कायद्याचे विद्यार्थी होते. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं की स्थानबद्ध माणूस आमचं दार वाजवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद केलं. चारांमध्ये एक यशवंतराव चंद्रचूड, पुण्याचे, काकांच्या पिढीचा आदर्श. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. २०१७ मध्ये तो निकाल रद्दबातल ठरवणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते, हे काकांनीच सांगितलं. पण त्यात नेहमीचा विजयी सूर नव्हता. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालाप्रमाणे मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली ३४,९८८ माणसं स्थानबद्ध झाली होती. एकेचाळीस वर्षांनी झालेली दुरुस्ती त्यांच्यापैकी कुणाला कोठडीत पोहोचणार होती?

"मला न्यायमूर्तींपेक्षा दुर्गाबाई आठवतात," आई म्हणाली. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री. जयप्रकाश नारायण नुकतेच सुटलेले, मूत्रपिंडं निकामी होऊन मुंबईत जसलोकमध्ये पडलेले. वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल धड छापता येत नव्हतं. दुर्गाबाईंनी भर संमेलनात, केंद्रीय मंत्र्यांच्या देखत, जेपींच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचं आवाहन केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, एशियाटिकच्या ग्रंथालयात काम करत असताना. साठी उलटलेली लोकसाहित्याची अभ्यासक, हातात पुस्तक, आणि राज्याच्या सुरक्षेला धोका.

काकांनी यात एक वेगळंच पाहिलं. "चव्हाणांचंही बघा. ते सरकारात होते, त्यांनी संमेलन बंद पाडलं नाही. बाई बोलतील हे त्यांना माहीत नसेल? सरकारात बसलेल्या माणसाकडे कान असले तर कायदा असून नडत नाही."

"आणि कान नसले तर? कान ही कायद्यातली तरतूद नाही ना."

मला काकांचं निरीक्षण खरं वाटतं आणि तरीही त्याचा उपयोग आईच्याच बाजूला होतो. चव्हाणांच्या जागी दुसरा कुणी असता तर? महाराष्ट्रात आपण सुसंस्कृत राजकारणाचं कौतुक फार करतो. त्यात एक मेख आहे. जे हक्काने मिळायला हवं, ते आपण नेत्याच्या चांगुलपणाच्या खात्यावर जमा करतो.

आता काकांनी शेवटी ती प्रत उघडली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ सुरुंगाचा स्फोट झाला, पंधरा जवान आणि गाडीचा चालक ठार. "हे सुरुंग आकाशातून पडत नाहीत. पैसा लागतो, निरोप लागतात, शहरात राहायला जागा लागते. छत्तीसगड, तेलंगण, आंध्र, ओडिशा, सगळ्यांकडे असा कायदा आहे. विधिमंडळाच्या समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या, मसुदा बदलला. आधी व्यक्ती आणि संघटना असं मोघम होतं, आता कडव्या डाव्या विचारांच्या संघटना असं आहे. आणखी काय हवं?"

"सुरुंग पेरणाऱ्याला, पैसे पुरवणाऱ्याला यूएपीए आहे. माओवादी पक्षावर २००९ पासून बंदी आहे. मग या कायद्यात नवीन काय?" आईने प्रत ओढून घेतली. "२०२४ च्या मूळ मसुद्यात काय होतं ते मी वाचलंय. प्रस्थापित कायदा न पाळण्याचा प्रचार करणं हेही बेकायदेशीर कृत्य. मिठाचा सत्याग्रह यात बसतो. मुळशीचा बसतो. महाडच्या तळ्यावरचं पाणी बसतं की नाही, याचा विचार करावा लागेल."

"आजचा कुठला अधिकारी महाडच्या तळ्यावर हे लावणार आहे?"

"आजचा नाही लावणार. महाड आज पाठ्यपुस्तकात आहे. प्रश्न आज जे पाठ्यपुस्तकात नाहीत त्यांचा आहे."

मग आईने त्यांना मानधनाची आठवण दिली. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना राज्य सरकारने २०१८ मध्ये मासिक मानधन सुरू केलं. दुसरं सरकार आलं, २०२० मध्ये ते बंद झालं. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं, पुन्हा सुरू झालं. तिचा मानधनाला विरोध नाही. तिला त्यातली गंमत दाखवायची होती. तेव्हा 'देशाच्या सुरक्षेला धोका' म्हणून ज्यांना आत टाकलं, त्यांचा आज सरकारी खर्चाने सन्मान होतो, आणि तो सन्मानही सत्तेप्रमाणे चालू-बंद होतो. "विधेयकावर हात वर करणाऱ्यांत मिसात गेलेले किंवा त्यांचे वारस असतीलच," ती म्हणाली. "त्यांनी तरी विचारायला हवं होतं, की उद्या हे कागद कोणाकडे जाणार?"

"त्यांनी म्हणूनच सल्लागार मंडळ ठेवलंय, वहिनी. मिसाच्या वेळी सरकारचा शब्द शेवटचा होता. इथे संघटना बेकायदेशीर ठरवायची तर मंडळापुढे जावं लागतं."

यानंतर अर्धा तास त्या दोघांनी खरंच कलमवार काम केलं. विधिमंडळात असं झालं असतं तर बरं झालं असतं. कायदा न पाळण्याच्या प्रचाराचा भाग काकांनी स्वतःहून काढला. हिंसेशी जोडलेला नसेल तर तो नको, केदारनाथचं कुंपण कायद्याच्या मजकुरातच हवं, निकालपत्रात नको. मंजुरीच्या बाबतीत आई त्यांना आणखी पुढे घेऊन गेली. बोलण्या-लिहिण्याच्या कुठल्याही गुन्ह्यात अटकेच्या आधी सत्र न्यायाधीशाने मूळ मजकूर पूर्ण वाचलाच पाहिजे, ठाणे अंमलदाराने उतरवून घेतलेली दोन वाक्यं नाहीत. काकांनी हे मान्य केलं आणि वर आपली अट घातली: हीच सक्ती मंजुरी नाकारण्यालाही हवी. पत्रकवाल्याला सोडायचं असेल तर सरकारने कारणं लेखी द्यावीत आणि ती न्यायालयात तपासली जावीत. आईला ही अट आवडली. माझ्या मते दिवसभरातली हीच सगळ्यात उपयोगाची गोष्ट होती, आणि ती सरकारी वकिलाच्या डोक्यातून आली.

संघटना बेकायदेशीर ठरवण्याच्या अधिकारावर मात्र ते अडले. आईचं म्हणणं, गुन्हा माणूस करतो, त्याला पकडा. संघटनेवर शिक्का मारला की गुन्ह्याशी संबंध नसलेला वर्गणीदारसुद्धा आरोपी होतो. काकांचं म्हणणं, संघटना नावं बदलत राहतात, एकेका माणसामागे धावलात तर जन्म जाईल.

"नाव बदलणं हा गुन्हा आहे का?"

"काम तेच असेल तर ते बघायला मंडळ आहे."

"कोण असतं मंडळात?"

"अध्यक्ष उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश. आणि उच्च न्यायालयातले सरकारी वकील."

"म्हणजे तिघांतले एक सरकारी वकील. तुमच्यासारखे."

"हो. त्यात काय वाईट? मी असतो तर प्रत्येक कागद वाचला असता."

"ते मला माहीत आहे, भाऊजी. तुम्ही असाल तर मी आत्ता सही करते. तुमच्यानंतर कोण येणार?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "त्याला मी ओळखत नाही," ते म्हणाले, आणि पेन्सिल घेऊन त्या कलमापाशी प्रश्नचिन्ह केलं. कलम मात्र खोडलं नाही.